मीटिंगमधला ओटीपी

परवा ऐन मीटिंगमध्ये मोबाइलवर ओटीपी आला. बँकेचा नव्हे, आमच्या सिग्नलवर गजरे विकणाऱ्या सात वर्षांच्या पोरीच्या आधारचा! बॉसने भुवई उंचावली. असो.

पोरीच्या हृदयाला भोक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. पण काउंटरवर पहिला प्रश्न, "रेशन कार्ड?" पुलाखाली राहणाऱ्यांकडे ते कुठून असणार?

"कागदच न्हाई दादा," तिची आई म्हणाली. पण पोर जन्मली पालिकेच्या दवाखान्यात, म्हणजे नोंद असणारच ना! दोन हाफ-डे खर्ची घातले, तेव्हा सापडली. नावाचा रकाना मात्र कोरा. पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मग आधार, मग कार्ड. पत्ता रात्रनिवाऱ्याचा, मोबाइल नंबर माझा.

ओटीपी सांगितला, नोंदणी झाली. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली. तोवर पुलाखालून हुसकावलं तर?

"कागद तुमच्याकडंच ठेवा, दादा. पावसात भिजत्यात."

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, माझ्या अप्रेझलच्या फाइलीवर, तिचं कार्ड आहे.