हिरोशिगेचा पाऊस सपाट नाही

जपानी काष्ठठसा चित्रांबद्दल एक मत आपल्याकडे इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. ही चित्रे म्हणे सपाट असतात. रेषा देखणी, रंग देखणे, पण खोली नाही. जपान्यांना यथार्थदर्शन ठाऊकच नव्हते, असे सांगून काहीजण त्यात उणेपण काढतात. काही रसिक उलट सपाटपणालाच त्यांची प्रतिभा मानतात. मला हे दोन्ही पक्ष अमान्य आहेत.

पहिल्याला इतिहासच खोडून काढतो. लोपबिंदूकडे धावणाऱ्या रेषांची 'उकी-ए' चित्रे एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, १७४० च्या दशकातच छापली जात होती. जपानी काष्ठठसा चित्रकार हिरोशिगेच्या 'एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे' या मालिकेतले १८५६ चे सारुवाका-माचीचे रात्रदृश्य पाहा. नाट्यगृहांच्या रस्त्यावर दुतर्फा छपरे आत निमुळती होत गेली आहेत आणि चंद्रप्रकाशात माणसांच्या सावल्या जमिनीवर पडल्या आहेत. आपल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या परीक्षकालाही त्यात खोट सापडणार नाही. म्हणजे हिरोशिगेला हे तंत्र येत होते. सगळीकडे ते वापरायचे नाही, हा त्याचा निर्णय होता.

दुसऱ्या पक्षाचे उत्तर त्याच मालिकेतल्या, १८५७ च्या, ओहाशी पुलावरच्या अवचित सरीत आहे. पुलाच्या फळ्या, कठडा, छत्र्यांखाली वाकून पळणारी माणसे हे सगळे ठाम बाह्यरेषेत आहे. खाली नदीत एकटा तराफेवाला. पलीकडचा आताकेचा काठ मात्र बाह्यरेषेविना, नुसता करडा आणि तिरका. नदीच्या निळ्यात गडद-फिकट उतार आहे, तर वरच्या कडेला काळा ढग खाली येता येता विरतो. ठशावरचा रंग हाताने पुसत हा उतार साधतात. त्याला 'बोकाशी' म्हणतात.

आणि या सगळ्यावर पाऊस. चेरीच्या लाकडात रेषा कोरत नाहीत. रेषा उभी ठेवून आजूबाजूचे लाकूड काढून टाकतात. केसाएवढ्या बारीक, लांबच लांब कडा न मोडता राखायच्या म्हणजे कोरणाऱ्याच्या हाताची कसोटीच. इथे तर पावसाचे ठसे दोन आहेत, आणि दोन्हींच्या रेषांचा कल किंचित वेगळा. त्या एकमेकींना छेदतात तिथे डोळा त्यांना एका पातळीवर ठेवूच शकत नाही. एक सर जवळची होते, दुसरी मागची, आणि मधे ओली हवा उभी राहते. रेषा इथे वस्तूची कड दाखवत नाही, अंतर दाखवते. याला सपाट म्हणणारा रेषा मोजतो, पाहत नाही.

१८५७ मध्येच मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. पुढे आपल्या चित्रकला-शिक्षणात यथार्थदर्शन पायाभूत ठरले, ते योग्यच झाले. पण खोली म्हणजे लोपबिंदूच, हे समीकरण त्यातून निघत नाही.

व्हॅन गॉगने १८८७ मध्ये पॅरिसला ओहाशी पुलावरच्या सरीच्या चित्राची तैलरंगात प्रतिकृती केली. ती जिवंत आहे, तिचा रंग झगझगीत आहे. पण तिथे पाणी आणि पाऊस दोन्ही एकाच कुंचल्याच्या जाड फटकाऱ्यांनी झाले आणि एकमेकांना चिकटले. तैलरंगाची सगळी साधने हाताशी असूनही हिरोशिगेच्या दोन सरींमधली हवा त्या कॅनव्हासवर उतरली नाही.