खाट शिल्लक नाही!

८ जुलै १९९२ ची रात्र. पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्टेशनवर पावणेआठच्या सुमारास एक शेतमजूर रेल्वेगाडीतून पडला. डोक्याला जबर मार बसला. प्राथमिक आरोग्य केंद्राने हात वर केले. रात्री पावणेबाराच्या सुमारास त्याला कलकत्त्याच्या नीलरतन सरकार रुग्णालयात आणले. तेथील डॉक्टरांनी कवटीचे एक्स-रे काढले, ताबडतोब दाखल करणे आवश्यक आहे असे लिहूनही दिले आणि खाट नाही म्हणून पुढे पाठविले. कलकत्ता मेडिकल कॉलेज : खाट नाही. शंभुनाथ पंडित रुग्णालय : मेंदूचा विभाग नाही. नॅशनल मेडिकल कॉलेज : खाट नाही. सकाळी आठ वाजता बांगूर न्यूरॉलॉजी संस्था. तोवर खाजगी ठिकाणी १,३१० रुपये भरून सीटी स्कॅन काढून झाला होता आणि मेंदूच्या पुढच्या भागात रक्तस्राव स्पष्ट दिसत होता. तरी तेथेही नकार. दहा वाजता एसएसकेएम रुग्णालयात गेले, तर न्यूरोसर्जरीची सोय नाही. शेवटी एका खाजगी रुग्णालयाने त्याला घेतले आणि सुमारे सतरा हजार रुपये खर्च झाल्यावर तो घरी आला. सात सरकारी दारे आणि चौदा तासांहून अधिक वेळ!

हा माणूस पश्चिम बंग खेत मजदूर समिती या संघटनेचा सदस्य होता, म्हणून ही कहाणी कागदावर आली. अन्यथा स्टेशनच्या वहीत एक नोंद होऊन विषय संपला असता. संघटनेने अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. बाबासाहेबांनी ज्या अनुच्छेदाला संविधानाचा आत्मा म्हटले, तो हाच. ६ मे १९९६ रोजी न्या. एस. सी. अग्रवाल व न्या. जी. टी. नानावटी यांनी निकाल दिला. वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. २५ हजार रुपये भरपाई मिळाली. प्राथमिक केंद्रात रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याची सोय हवी, जिल्हा व उपविभागीय रुग्णालयांचा दर्जा वाढवावा, कोठे खाट रिकामी आहे हे कळविणारी मध्यवर्ती यंत्रणा असावी, रुग्णवाहिका असाव्यात, असे सांगून इतर राज्यांनीही हे करावे, असे न्यायालयाने बजावले. सरकारनेच नेमलेल्या चौकशी समितीचे तर म्हणणे होते की खाट नसेल तर ट्रॉलीवर, वेळ पडली तर जमिनीवर ठेवा, पण दाखल करा.

ही सक्ती डोक्याच्या दुखापतीत एवढी महत्त्वाची का, हे वकिलापेक्षा डॉक्टर अधिक चांगले सांगतील. पण अपघात दाव्यांची कागदपत्रे चाळता चाळता जे शिकलो ते सांगतो. कवटी ही बंद पेटी आहे. आत रक्त साचले किंवा मेंदूला सूज आली तर तिला पसरायला जागा नसते. दाब वाढत जातो आणि मेंदू चेपला जातो. कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचणाऱ्या काही रुग्णांत तर आधी माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, चहासुद्धा पितो. काही तासांनी तो झोपाळतो, एका डोळ्याची बाहुली मोठी होते. त्या वेळी कवटी उघडून गुठळी काढली तर असा माणूस पुन्हा कामावर जाऊ शकतो. उशीर झाला तर मृत्यू, नाहीतर आयुष्यभराचे अंथरूण. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागत नाही, हेही खरे. अनेकांना सूज उतरविणारी औषधे, झटके आवरणारी औषधे, पुन्हा सीटी स्कॅन आणि रात्रभर जागी नजर एवढेच लागते. पण ती नजर ठेवण्यासाठी आधी दाखल तर करावे लागेल!

आणि जेथे न्यूरोसर्जन नाही तेथे काहीच करता येत नाही, हे खोटे आहे. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे, रक्तदाब पडू न देणे, मान सरळ ठेवणे ही कामे तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतात. प्राणवायू व रक्तदाब घसरला की जखमी मेंदूची दुसऱ्यांदा हानी होते. डोळे उघडतो का, बोलतो कसा, हातपाय हलवितो का, यावरून ३ ते १५ असे गुण देणारी ग्लासगोची मोजपट्टी १९७४ पासून जगभर वापरात आहे. तिला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे दुखापत गंभीर. पण आमच्या मजुराच्या कागदावर पुष्कळदा गुणांऐवजी एकच शेरा असतो : दारूचा वास येतो. म्हणजे सकाळपर्यंत उतरेल! प्यालेल्या माणसाचे डोके फुटत नाही काय?

आता कायद्याकडे येऊ. १९९६ नंतर कायदे झाले नाहीत असे नाही. मोटार वाहन कायद्यात 'गोल्डन अवर' म्हणजे दुखापतीनंतरचा पहिला तास अशी व्याख्या २०१९ च्या दुरुस्तीने आली. त्या तासात विनारोकड उपचारांची योजना केंद्राने करावी, असेही लिहिले गेले. ती योजना होईना, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली आणि मे २०२५ मध्ये ती अधिसूचित झाली. दीड लाख रुपयांपर्यंत, सात दिवस. चांगली गोष्ट आहे. पण नीट वाचा : ही योजना मोटार वाहनाने झालेल्या रस्ता अपघातासाठी आहे. मथुरापूरचा तो शेतमजूर आज पुन्हा गाडीतून पडला तर तो या योजनेत बसणार नाही. मुंबईच्या लोकलमधून पडणारा नाही, परांचीवरून पडणारा गवंडी नाही, झाडावरून पडणारा नाही. रेल्वे कायद्यात भरपाई आहे, कामगारासाठी भरपाई आहे. पण भरपाई मागाहून मिळते आणि मेंदू तोवर थांबत नाही.

माझ्याकडे असाच एक गवंडी आला होता. म्हणजे तो नाही, त्याची पत्नी आली होती. तिच्याजवळ शासकीय रुग्णालयाची चिठ्ठी होती. 'न्यूरोसर्जन उपलब्ध नाही, पुढील उपचारांसाठी वरच्या केंद्रात न्यावे.' कोणते केंद्र, तेथे खाट आहे का, कोणाशी बोलणे झाले, काहीही नाही. चिठ्ठीवर वेळसुद्धा नव्हती. १९९६ च्या निकालातील मध्यवर्ती यंत्रणा तिच्या वाट्याला अशी आली की दिराने मोबाईलवरून एकेका दवाखान्याला फोन लावले.

वास्तविक तिला वाटेतच एक दार कायद्याने उघडे होते. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना आहे. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी, एवढे बहुतेकांना माहीत असते. पण त्याच योजनेत असेही आहे की तातडीच्या रुग्णाला धर्मादाय रुग्णालयाने लगेच दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यावेत आणि त्यासाठी अनामत रक्कम मागू नये. तो कोणत्या गाडीतून पडला हे विचारण्याचा प्रश्नच नाही. ही अट रुग्णालयाच्या काउंटरवर कोणी सांगत नाही. आपण सांगावी लागते आणि नकार मिळाला तर तो वेळ, नाव व कारणासह लेखी मागावा लागतो. लेखी मागितल्याबरोबर खाट निघाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

कार्यकर्त्यांसाठी एक काम आहे. आपल्या उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. गेल्या वर्षभरात डोक्याला मार लागलेले किती रुग्ण आले, किती पुढे पाठविले, कोठे व किती वाजता? सीटी स्कॅन यंत्र रात्री चालते काय, तंत्रज्ञ नेमलेला आहे काय? पुढे पाठविण्यापूर्वी खाटेची खात्री कोण करते? शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही नाही. उत्तरे आली की १९९६ चा निकाल त्यांच्याशेजारी ठेवून वाचा. उच्च न्यायालयात जाण्यासाठी लागणारा निम्मा मजकूर तेथेच मिळेल.