मृगाआधी गच्ची दुरुस्त करा!

मौद्यातल्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती.

नवतपा तोंडावर आला आहे. तो संपला की आठवड्याभरात मृग लागेल. गच्चीचं काम नीट करायला थोडेच दिवस हातात आहेत, कारण स्लॅब आतपर्यंत कोरडा असतो तो आत्ताच. एकदा पाऊस लागला की दिवाळीपर्यंत कुणी गच्चीला हात लावत नाही आणि दिवाळीनंतर गळती कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून याच आठवड्यात आपापल्या इमारतीची गच्ची दुरुस्तीला घ्या, आणि दुरुस्ती होताच तिला पांढरी करा.

सर्वांत वरच्या माळ्यावर राहणाऱ्यांना उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. रात्री दहा वाजता स्टुलावर चढून छताला हात लावा, निवत आलेल्या तव्यासारखं लागतं. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि दिवेलागणीपासून ते खाली सोडत राहतो. पंखा तीच गरम हवा अंगावर मारतो, कुलर पहाटेपर्यंत चालतो, एसीचा कॉम्प्रेसर बंदच पडत नाही. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तसल्या उन्हात काळवंडलेली गच्ची भर दुपारी साठ अंशांपलीकडे तापते. महावितरणच्या बिलात तीनशे युनिटांपुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं, आणि कित्येक घरं ती रेघ ओलांडतात ती मे महिन्यातच.

मौद्याच्या माणसाला विजेची किंमत वेगळी सांगावी लागू नये. एनटीपीसीचा २,३२० मेगावॅटचा प्रकल्प आपल्याच तालुक्यात उभा आहे. एका युनिटसाठी तिथे अर्धा किलोहून जास्त कोळसा जळतो, पाणी गोसीखुर्दचं लागतं. इतकं करून तयार झालेली वीज आपण तापलेल्या स्लॅबशी झुंजण्यात घालवतो, हे मला सहन होत नाही.

आता गळतीचं. ओल म्हणजे भिंतीवरचा डाग एवढंच आपण समजतो. पण कोब्यातल्या बारीक पोकळ्यांत हवा असते तोवर त्या थोडीफार उष्णता अडवतात. तिथे पाणी शिरलं की ती आड जाते, कारण पाणी हवेच्या वीस पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. पुढे तेच पाणी सळईपर्यंत पोचतं, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे खाली येतात. गळकी गच्ची वीजही खाते आणि इमारतही.

कामाचा क्रम चुकवू नका. आधी गच्ची झाडून, घासून धुवा. मग हातोडीच्या दांड्याने कोबा ठोकत फिरा. जिथे पोकळ आवाज येईल तिथला कोबा सुटला आहे, तो काढून नव्याने भरा. पॅरापेटच्या कडेचा वाटा, पाइप जिथे स्लॅबमधून उतरतो ती जागा आणि पाणी जाण्याची तोंडं यांतूनच बहुतेक गळती सुरू होते. भेगा भरून झाल्या की पाण्याची तोंडं बंद करून एक पूर्ण दिवस पाणी साठवा आणि खालच्या घरात जाऊन बघा. गच्ची वाळल्यावरच पांढरा रंग. भेगांवर नुसता रंग फासणं म्हणजे पैसे पाण्यात.

ऐपत असेल तर ऊन चांगलं परतवणारा वॉटरप्रूफ पांढरा रंग दोन हात द्या, किंवा पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवा, ते वर्षानुवर्षं टिकतात. पैसे कमी असतील तर चुना, पांढरं सिमेंट आणि थोडं फेव्हिकॉल. हा लेप पावसात धुपतो, दरवर्षी द्यावा लागतो, पण यंदाचा उन्हाळा निभावतो. खालची खोली दोन-चार अंशांनी उतरते. अहमदाबादेने वस्त्यांमधल्या हजारो छतांना चुना दिला, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी धोरणच आणलं. आपल्याकडे महामार्गाची धूळ फार, तेव्हा दर महिन्याला गच्ची धुवा. मळलेलं पांढरं काही कामाचं नाही.

खरं घोडं अडतं ते पैशांवर. ‘गळतं वरच्यांचं, आम्ही का भरायचं?’ हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. गच्ची सगळ्यांची आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं ही संस्थेची जबाबदारी आहे आणि त्यासाठी दुरुस्ती निधी वेगळा ठेवायचा असतो. तुमची इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल, तर घोषणापत्र काढून सामाईक जागा वाचा. खालच्या माळ्यावरच्यांनो, गंजलेली सळई तुमच्याही फ्लॅटची किंमत उतरवते.

ज्यांच्याकडे सौर पॅनल बसवायचं ठरतं आहे, त्यांनी तर गच्चीची दुरुस्ती लांबवूच नये. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत संस्थेच्या लिफ्ट-पंपासाठीही अनुदान आहे, जरूर घ्या. पण पॅनल पंचवीस वर्षं हलत नाही. त्याचे पाय गळक्या कोब्यात रोवले, तर पुढे खालची दुरुस्ती करायला अख्खा सांगाडा उतरवावा लागेल.

मजुरांना दुपारच्या उन्हात गच्चीवर चढवू नका. पहाटे सहा ते दहा काम, नंतर सुट्टी, आणि मजुरी पूर्ण दिवसाची.

येत्या रविवारी सकाळी सातला मीटिंग लावा, आणि ती गच्चीवरच घ्या. झाडू, हातोडी, बादली आणि दुरुस्ती निधीचं पासबुक सोबत आणा. गवंड्याला तिथेच बोलवा, मोजमाप करून घ्या, दर लेखी घ्या आणि त्याच बैठकीत सह्या करून काम सोमवारी सुरू करा.