कारखाना विकला, मातीत मुरलेले तेल कोणाचे?

जून २०२१ पासून संयुक्त अरब अमिरातीत बहुतेक व्यवसायांत परदेशी नागरिकाला शंभर टक्के मालकी घेता येऊ लागली. तेव्हापासून येथील लहानमोठ्या उद्योगांच्या भागभांडवलाची फेरमांडणी आणि खरेदी-विक्री हा नित्याचा विषय झाला आहे. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातील गॅरेज, अल कुझमधील रंगाचे वर्कशॉप, हमरिया किंवा जबल अली येथील रसायनसाठ्याची गोदामे यांपैकी अनेकांची पहिली पिढी आता निवृत्तीकडे झुकली आहे. मुले लंडन-टोरोंटोत स्थिरावलेली असली की घेणारा शोधणे ओघानेच येते.

अशा व्यवहारात भाव, येणी-देणी, कामगारांची ग्रॅच्युइटी आणि बँकेची हमीपत्रे यांवर आठवडेच्या आठवडे घासाघीस होते. जमिनीखाली काय मुरले आहे, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटच्या मसुद्यात एका कलमापुरता येतो. त्या कलमाचा मथितार्थ असा असतो: पूर्वीच्या प्रदूषणाची भरपाई विक्रेता देईल, परंतु कायद्याने आवश्यक असेल तेवढ्याच आणि वाजवी, किफायतशीर पद्धतीने केलेल्या सफाईपुरती. वाचताना कोणालाच काही खटकत नाही. वाद पेटतो तो नेमका ‘वाजवी’ आणि ‘किफायतशीर’ या दोन शब्दांवर.

कराराने हात झटकता येत नाहीत, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील नायगारा फॉल्स येथील लव्ह कॅनॉलचे. हूकर केमिकल कंपनीने रासायनिक कचरा पुरलेली तेथील जमीन १९५३ मध्ये स्थानिक शाळामंडळाला अवघ्या १ डॉलरला दिली. खरेदीखतात कचऱ्याची स्पष्ट सूचना होती आणि पुढे काही इजा झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही, अशी अटही होती. त्या भूखंडावर शाळा उभी राहिली, भोवती घरे झाली आणि १९७८ मध्ये तेथे आणीबाणी जाहीर करून कुटुंबे हलवावी लागली. हूकरला मधल्या काळात विकत घेतलेल्या ऑक्सिडेंटल कंपनीने १९९५ मध्ये एकट्या संघराज्य सरकारशी १२९ दशलक्ष डॉलरची तडजोड केली. खरेदीखतातील ते वाक्य शाळामंडळापुरते होते. सरकारवर किंवा तेथे राहणाऱ्यांवर ते बंधनकारक नव्हते.

अमिरातीच्या कायद्याची दिशाही हीच आहे. पर्यावरणाच्या रक्षणाविषयीचा १९९९ चा संघीय कायदा क्रमांक २४ असे सांगतो की, जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे कायदा मोडून पर्यावरणाचे नुकसान करणाऱ्याने ते दूर करण्याचा खर्च उचलावा. आजवरचे करार ज्या चौकटीत लिहिले गेले, त्या १९८५ च्या नागरी व्यवहार कायद्याने याला आणखी धार दिली. त्याच्या कलम २९६ नुसार हानिकारक कृत्याच्या जबाबदारीतून सूट देणारी अट रद्दबातल ठरते. म्हणजे खरेदीदाराने ‘जशी आहे तशी’ मालमत्ता स्वीकारली, तरी शेजारच्या भूखंडात झिरपलेल्या सॉल्व्हंटबद्दल शेजारी कोणाच्या दारात जाईल, हे तुमचा करार ठरवू शकत नाही. करार एवढेच ठरवतो की, दार उघडणाऱ्याला नंतर कोणाकडून किती वसूल करता येईल.

त्याच कायद्यातील दुसरी तरतूद खरेदीदाराच्या जिव्हारी लागणारी आहे. विकलेल्या वस्तूतील दोषाबद्दलचा दावा ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो. विक्रेत्याने अधिक मुदत कबूल केली असेल किंवा दोष फसवून लपवला असेल, तरच त्यातून सुटका होते. जमिनीतील प्रदूषण सहा महिन्यांत क्वचितच वर येते. पाया खणताना, भाडेपट्टा संपताना किंवा पुढच्या खरेदीदाराने तपासणी मागितल्यावर ते दिसते. म्हणून भरपाईच्या हमीला स्वतंत्र, वर्षांत मोजलेली मुदत लिहून घेणे ही चैन नव्हे. दुबईचे वित्तीय केंद्र किंवा अबू धाबी ग्लोबल मार्केट यांची कायदाव्यवस्था करारासाठी निवडली, तर पक्षकारांना अधिक मोकळीक मिळते हे खरे. तथापि नगरपालिकेचा किंवा पर्यावरण यंत्रणेचा निरीक्षक तुमच्या करारात कोणता कायदा निवडला आहे, हे पाहून नोटीस काढत नाही.

आता मूळ कलमाकडे वळू. किफायतशीर सफाईची अट ही विक्रेत्याची लबाडी आहे, असा खरेदीदारांच्या वकिलांचा सूर असतो. मला तो अर्धाच पटतो. जुन्या डिझेल टाकीखालची माती तेलकट निघाली, तर दोन टोकांचे मार्ग असतात. एक, सगळी माती खणून परवानाधारक वाहतूकदारामार्फत धोकादायक कचरा म्हणून पाठवायची आणि स्वच्छ भराव घालायचा. दुसरा, गळती थांबवून वर काँक्रीटचा थर द्यायचा, निरीक्षण-विहिरी बसवायच्या आणि जागा औद्योगिक वापरापुरतीच राहील, याची लेखी नोंद ठेवायची. दोहोंच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ट्रकचे वर्कशॉप ट्रकचेच वर्कशॉप राहणार असेल, तर दुसऱ्याच्या खर्चाने बालोद्यानाइतकी शुद्ध माती मागणे न्याय्य नाही. सफाईचे बिल दुसरा भरणार हे ठाऊक असले की मागणी फुगते, हा मनुष्यस्वभाव आहे. अट त्यासाठीच असते.

परंतु तीच अट मोघम ठेवली की ती विक्रेत्याच्या हातातील सुरी होते. ‘कायद्याने आवश्यक तेवढीच’ असे म्हणताना कोणत्या कायद्याचा कोणता आकडा अभिप्रेत आहे? येथील पर्यावरण सल्लागारांच्या अहवालांत मातीच्या तुलनेसाठी नेदरलँड्सची हस्तक्षेप-मूल्ये आधाराला घेतलेली अनेकदा आढळतात. परदेशी कोष्टक करारात नावानिशी लिहिले नसेल, तर ते आपल्याला बांधील नाही, असे विक्रेता म्हणणारच. म्हणून मापदंडाचे नाव, त्याची आवृत्ती आणि औद्योगिक की निवासी वापर गृहीत धरला आहे, या तीनही गोष्टी करारातच हव्यात.

आकड्यावरचा वाद किती लांबू शकतो, हे कोडाईकनालने दाखवून दिले आहे. तेथील पारायुक्त थर्मामीटरचा कारखाना चेसब्रो-पाँड्सचा. त्या मूळ कंपनीला १९८७ मध्ये युनिलिव्हरने घेतले आणि कारखाना कालांतराने हिंदुस्थान लिव्हरकडे आला. भंगारात पाऱ्याची काच सापडल्यावर २००१ मध्ये तो बंद झाला. नागपूरच्या नीरी संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम पारा हा सफाईचा निकष मान्य झाला. ब्रिटनमध्ये इतका सैल निकष कंपनीला चालवून घेता आला नसता, असा कार्यकर्त्यांचा आक्षेप होता. कारखान्याला कुलूप लागून दीड दशक उलटले, तरी किती स्वच्छ म्हणजे स्वच्छ, यावरच खल चालू होता. कारखाना विकत घेताना त्याचा भूतकाळही पदरात पडतो, ही गोष्ट तेथे वेगळी सांगावी लागली नाही.

मापदंडाच्या खालोखाल महत्त्वाचा प्रश्न म्हणजे सफाईची सूत्रे कोणाच्या हाती असावीत. पैसे विक्रेता देणार असेल, तर सल्लागार आणि पद्धत निवडण्याचा अधिकार त्याला हवा असतो. खरेदीदाराला मात्र चालू कारखान्यात परक्यांनी सहा महिने खोदकाम केलेले परवडत नाही. यावर मला दिसणारा व्यवहार्य तोडगा असा: पद्धत विक्रेता सुचवेल, वेळापत्रक खरेदीदार ठरवेल आणि मतभेद झाल्यास आधीच नाव ठरलेला तिसरा तज्ज्ञ निकाल देईल. स्वस्त मार्ग निवडला, तर पुढच्या निरीक्षणाचा खर्च आणि जमिनीच्या घटलेल्या किमतीचा भार कोणावर, हेही लिहावे. हा मुद्दा हमखास सुटतो. थर टाकून झाकलेली माती आज स्वस्त पडते. उद्या तेथे तळघर खणायचे ठरले की ती महाग होते.

विक्रेते आणखी एक अट घालतात. खरेदीदाराने स्वतःहून खणून प्रदूषण शोधले, तर भरपाई नाही. शासकीय आदेश आला किंवा बांधकामात ते आपोआप उघडे पडले तरच मिळेल. ही अट समजण्यासारखी आहे, पण किनारपट्टीवर ती तपासून घ्यावी. येथे भूजल उथळ आहे. पायासाठी खणताना पाणी उपसावे लागते आणि ते कोठे सोडायचे, यासाठी परवानगी लागते. पाणी दूषित निघाले तर काम तेथेच थांबते. अशा उपशाला ‘स्वतःहून शोध’ म्हणायचे की ‘बांधकाम’, हे आधी ठरले नसेल तर वाद अटळ आहे.

जबल अलीसारख्या मुक्त क्षेत्रांत तर विकला जातो तो बहुधा भाडेपट्ट्याचा हक्क आणि त्यावरची इमारत. जमीन क्षेत्राच्या प्राधिकरणाचीच राहते आणि पट्टा संपताना ती पूर्ववत करून देण्याची अट सर्रास असते. म्हणजे शेवटचा भाडेकरू पहिल्याच्या गळतीचे बिल भरू शकतो. यावर उपाय एकच: ताबा घेण्यापूर्वी माती आणि पाण्याचे नमुने घेऊन मूळ स्थितीचा अहवाल तयार करायचा आणि तो दोन्ही पक्षांच्या सहीने कराराला जोडायचा. १६ एप्रिल २०२४ च्या अतिवृष्टीत अल ऐनच्या खत्म अल शक्ला येथे एका दिवसाच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला आणि देशभर वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्या पाण्याबरोबर कोणाचे तेल कोणाच्या आवारात आले, हे त्याआधीच्या नमुन्यांवाचून सिद्ध करणे जवळपास अशक्य आहे. या खर्चाला नाके मुरडणारे विक्रेते मी समजू शकतो. खरेदीदाराने नाक मुरडणे मात्र अनाकलनीय आहे.

भारतात मालमत्ता असलेल्या वाचकांनी तिकडचा बदलही ध्यानात घ्यावा. भोपाळमध्ये युनियन कार्बाइडने १९९४ मध्ये भारतीय कंपनीतील हिस्सा विकला, १९९८ मध्ये कारखान्याची जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत गेली आणि आवारात साठवलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये सरकारी खर्चाने पीथमपूरला हलवावा लागला. त्याच वर्षी जुलैत केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. देशात १०३ दूषित जागा निश्चित झालेल्या असताना तोवर जेमतेम ७ ठिकाणी सफाईचे काम सुरू होते. आता संशयित जागांची यादी करण्याचे काम जिल्हा प्रशासनाकडे आले असून प्रदूषण करणारा शोधून त्याच्याकडून खर्च वसूल करण्याची कालबद्ध पद्धत ठरली आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात किंवा अंबरनाथला वडिलांच्या नावावर एमआयडीसीचा पट्टा असेल आणि तो विकायचे घाटत असेल, तर जुन्या विक्रीकरारातील प्रदूषणाचे कलम त्या यादीत जागा जाण्यापूर्वीच काढून पाहावे. यादीत नाव आल्यावर खरेदीदार भाव पाडून मागतो, आणि तोवर ज्याने आपल्याला ती जागा विकली, त्याच्याविरुद्धच्या दाव्याची मुदत बहुधा संपलेली असते.