"जुनं व्हर्जन टाक" हे उत्तर नाही

पायथॉनच्या नव्या व्हर्जनवर एखादी लायब्ररी चालेना की ठरलेला सल्ला मिळतो: "अरे, जुनं व्हर्जन टाक ना!" ऐकून ऐकून कान किटले. चूक कोणाची आणि बोलणी कोणाला?

उदाहरण आमच्या बुलढाण्याचंच घ्या. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. समजा मेहकरच्या एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या आधीचे नि नंतरचे उपग्रह-फोटो ताडून बघायचेत. लँडसॅटचे फोटो फुकट, पायथॉन फुकट, फोटो उघडणारी रास्टेरिओ लायब्ररीही फुकट. पोरगं ऑक्टोबरात आलेलं कोरं करकरीत पायथॉन उतरवतं. त्यासाठीची तयार बायनरी अजून आलेली नसेल तर पिप सोर्समधून बांधायला बसतं. मग सी++ चा कंपायलर पाहिजे, जीडॅल पाहिजे... काही जीबी, तेही मोबाईलच्या डेटावर! पोराला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

खरं कारण काय? काम करणारी मूळ लायब्ररी, म्हणजे जीडॅल, सी++ मधली. रास्टेरिओ हा तिच्यात नि पायथॉनमध्ये बसवलेला, आधीच कंपाइल केलेला सांधा. पायथॉनचे ऑब्जेक्ट मेमरीत कसे मांडलेत हे त्या सांध्यात पक्कं कोरलेलं असतं. व्हर्जन बदललं की मांडणी बदलू शकते. म्हणून ३.११ ची बायनरी पिप ३.१२ वर लावतच नाही. पिपचं काही चुकत नाही.

पण यावर तोड कधीच निघालीय. २०११ मध्ये पायथॉन ३.२ सोबत 'स्टेबल एबीआय' आलं. ठरवून दिलेली फंक्शनंच वापरा, आतल्या मांडणीला हात लावू नका; मग एकदा केलेली बायनरी पुढच्या व्हर्जनवरही चालते. पायक्यूटी आणि क्रिप्टोग्राफी या लायब्ररी हेच करतात. ट्रॅक्टर नवा घेतला म्हणून कोणी ट्रॉली मोडीत काढतं का? मागची पिन तीच असते.

यावर म्हणे, वेग कमी होतो. नमपायसारख्या लायब्ररीला आतली मांडणी लागते, मान्य. सायथॉनला हा रस्ता धरायला वेळ लागला, तेही मान्य. पण जे बाइंडिंग नुसता इकडचा निरोप तिकडे पोचवतं, त्याला कसला आलाय वेग?

आणि दर ऑक्टोबरला सगळं नव्यानं बांधायचं ते कोणी? विंडोजवाल्यांसाठी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले क्रिस्टोफ गोल्के वर्षानुवर्षं शेकडो बायनरी बनवून ठेवत. २०२२ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेचा निधी संपला आणि ती सेवा थांबली. एका माणसाच्या भलेपणावर किती जणांचं काम चाललं होतं बघा!

जुनं व्हर्जन टाकून आजचं भागेल, नाही म्हणत नाही. पण पायथॉनच्या प्रत्येक व्हर्जनला साधारण ५ वर्षंच दुरुस्त्या मिळतात. नंतर परत तेच रडगाणं.

तेव्हा बायनरीच्या नावात 'सीपी३१२-सीपी३१२' दिसलं तर ती फक्त ३.१२ ची, 'एबीआय३' दिसलं तर पुढेही चालेल. आणि लायब्ररीवाल्यांनो, एबीआय३ जमत नसेल तर निदान पहिल्याच ओळीत लिहा की कुठल्या व्हर्जनपर्यंत चालतं. मेहकरच्या पोराची रात्र वाचेल.