विंचू उतरला, पण नाडी पाहिली का?

भातझोडणी सुरू झाली की पेंढ्याच्या उडवीत, सरपणाच्या ढिगात, जांभ्याच्या गडग्यात हात घालावाच लागतो. आपल्या रायगड जिल्ह्यात तांबड्या विंचवाची भीती तिथेच. चावल्यावर मांत्रिकाकडे पळायचे, ही जुनी चाल. कळ थांबली की विंचू उतरला असे समजतात. पण खरा धोका कळेत नसतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. विंचूदंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत. बावस्करांनी रोग्याच्या खाटेशी बसून नाडी, श्वास, रक्तदाब, घाम पुनःपुन्हा पाहिला आणि लिहून ठेवला. त्यातून उमगले की विष हृदयावर घाला घालते. आधी ओकारी, दरदरून घाम, गार हातपाय. पुढे धाप, खोकला, तोंडाला गुलाबी फेस. ही लक्षणे १९८२ साली ब्रिटनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरले आणि मृत्यू फार कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परिचारिकेची पहिली विद्या हीच : पाहणे, मोजणे, लिहिणे. घरच्या बायामाणसांनाही ती जमते.

१. वेळ : किती वाजता चावला, ओकारी केव्हा झाली, हे कागदावर लिहा.

२. शुद्ध : नाव विचारा. उत्तर नीट येते का पाहा.

३. नाडी : मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन-तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची ६० ते १०० असते. मुलांची जास्त असते.

४. श्वास : रोग्याला न सांगता छातीची हालचाल मोजा. मोठ्यांचा मिनिटाला १२ ते २० असतो.

५. कातडी : घाम आहे का, हातपाय गार आहेत का, हात लावून पाहा.

मात्र मोजण्यासाठी घरी थांबू नका. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघा आणि वाटेत मोजा. मूल असेल तर क्षणही दवडू नका. दंशाची जागा कापू नका, आवळून बांधू नका.

केंद्रावर पोचताच तो कागद सिस्टरच्या हाती द्या. रोगी कुठून कुठे गेला, हे डॉक्टरांना त्यावरून कळते.