प्रवेशयादीतील दुर्लक्षित रकाना

नवे शैक्षणिक वर्ष उघडले की विद्यापीठे आपल्या नव्या वर्गाचे कौतुक सांगू लागतात. सर्वोच्च गुण किती, प्रवेशपरीक्षेतील क्रमांक कोणते, मुली किती, परराज्यांतून आलेले किती, हे आकडे अभिमानाने मांडले जातात. हे विद्यार्थी दहावीपर्यंत कोणत्या भाषेत शिकले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. हे मौन, आमच्या मते, सोयीचे मौन आहे.

आकड्यांना आमचा विरोध नाही. उलट, जे मोजले जाते त्याचीच चिंता वाहिली जाते. आय.आय.टी.च्या वर्गांत मुली फारच थोड्या आहेत हे मोजले गेले, म्हणूनच २०१८ पासून त्यांच्यासाठी वाढीव जागा निर्माण झाल्या आणि २०२० पर्यंत त्यांचे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्याचे ठरले. २०१६ साली सुरू झालेल्या धारवाडच्या आय.आय.टी.लाही हाच नियम लागला. मुलींची बुद्धी त्या दोन वर्षांत वाढली नव्हती. दार रुंद झाले होते.

भाषेचे दार कसे आहे? जे.ई.ई. मेन ही परीक्षा २०२१ पासून १३ भाषांत होते. त्यांत मराठी आहे, कन्नड आहे. १९९२ साली आठव्या अनुसूचीत गेलेली कोंकणी नाही. पुढची जे.ई.ई. ॲडव्हान्स्ड तर केवळ हिंदी व इंग्रजीत. म्हणजे खानापूरच्या मराठी शाळेतील अथवा कुंदगोळच्या कन्नड शाळेतील मुलाने पहिली पायरी आपल्या भाषेत चढावी आणि दुसरीवर ती भाषा उतरवून ठेवावी. कोंकणी मुलाला तर पहिली पायरीही परकीच. यास कोणी निव्वळ गुणवत्तेची कसोटी म्हणत असेल, तर तो स्वतः हिंदीत वा इंग्रजीत शिकलेला असला पाहिजे!

भाषा मोजली तर भाषावाद पेटेल, अशी भीती घातली जाते. सीमाभागात ती भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. परंतु कर्नाटकात सी.ई.टी.मार्फत भरल्या जाणाऱ्या जागांत पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा आम्हांस हेवा नाही. इंग्रजीबाहेर शिकलेल्या मुलाला अडचण सोसावी लागते, हे त्यामुळे शासनानेच मान्य केले आहे. मग तीच अडचण मराठी वा उर्दू शाळेतील मुलाला सोसावी लागत नाही काय? आम्ही येथे जागा मागत नाही, मोजणी मागतो.

हुबळीच्या देशपांडे नगरात गंगूबाई हनगल यांचे घर आहे. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. आज म्हैसूरचे संगीत विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते. ज्या परंपरेने त्यांना घडविले तीत शिष्याचा गळा ऐकल्यावाचून तालीम सुरू होत नसे. आमची विद्यापीठे मात्र शिष्य कोणत्या सुरात बोलतो हे न ऐकताच पहिला धडा इंग्रजीत सुरू करतात, आणि जो मागे पडला तो मंदबुद्धी ठरतो.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच : येथील प्रत्येक विद्यापीठाने प्रवेशयादीबरोबर शालेय माध्यमाचा, गावाचा आणि घरातील पहिल्याच पदवीधरांचा आकडा छापावा, आणि अभ्यासक्रम पुरा झाल्यावर, त्यांतले किती पदवी घेऊन बाहेर पडले, हेही छापावे. आत आलेल्यांचा गौरव पुष्कळ झाला. वाटेत गळालेल्यांचा हिशेब कोण देणार?